दुबळ्या क्रियापदांना ताकद देणारी जर्मन

"इश हाबे टेलेफोनोरेन."

जर्मन मातृभाषा असलेल्या कुणासमोर हे वाक्य म्हणून बघा. आधी कपाळावर एक आठी उमटेल आणि लगेच हसू फुटेल. 'मी फोन केला' हा अर्थ त्याला बिनचूक कळलेला असतो. शुद्ध जर्मनमध्ये म्हणायचं ते 'इश हाबे टेलेफोनीर्ट'. म्हणजे शेवटचा शब्द चुकला आहे. पण नवशिक्या परदेशी माणसाकडून होते तशी ही चूक नाही. जर्मन व्याकरण नसानसांत मुरल्याशिवाय अशी चूक करताच येत नाही, आणि म्हणूनच ती ऐकून हसू येतं.

अशा 'जाणत्या' चुकांची एक अख्खी भाषाच जर्मन लोकांनी रचली आहे. तिला 'नॉइच' म्हणतात. जर्मन भाषेचं जर्मनमधलं नाव 'डॉइच' आणि 'नवीन'साठीचा शब्द 'नॉय', या दोहोंची ती सांधाजोड. ती रचणाऱ्या हौशी मंडळींच्या संस्थेचं नाव आहे 'गेझेलशाफ्ट त्सुर श्टेर्कुंग डेर फेर्बेन'. मराठीत सांगायचं तर 'क्रियापद सबलीकरण मंडळ'. अशक्त क्रियापदांना सशक्त करायचं हे मंडळाचं ब्रीद. यातली गंमत चाखायला जर्मन यायलाच हवं असं मुळीच नाही. जर्मन क्रियापदाची एक खोड समजली की पुरे, आणि ती खोड मराठी माणसाला वाटते तेवढी परकीही नाही.

दुबळी आणि सबळ

जर्मन क्रियापदाचा भूतकाळ करायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली सोपी. 'झागेन' म्हणजे म्हणणे. त्याच्या धातूला 'टे' हे शेपूट लावलं की 'झाग्टे', म्हणजे म्हणाला. 'म्हटलेलं' या अर्थाचं धातुसाधित हवं असेल तर पुढे 'गे' आणि मागे 'ट' लावून 'गेझाग्ट'. धातू जागचा हलत नाही, जे काही होतं ते बाहेरून चिकटवलं जातं.

दुसऱ्या तऱ्हेत शेपूट लागत नाही. धातूच्या पोटातला स्वरच बदलतो. 'झिंगेन' म्हणजे गाणे. गायला: 'झांग'. गायलेलं: 'गेझुंगेन'. इ, आ, उ. 'ट्रिंकेन' म्हणजे पिणे: 'ट्रांक', 'गेट्रुंकेन'. 'फ्लीगेन' म्हणजे उडणे: 'फ्लोग', 'गेफ्लोगेन'. 'फारेन' म्हणजे वाहनाने जाणे: 'फूर', 'गेफारेन'.

या दोन तऱ्हांना नावं दिली याकोब ग्रिम यांनी. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंमधले हे थोरले. त्यांच्या जर्मन व्याकरणाचा पहिला खंड १८१९ साली निघाला. शेपूट लावून घेणाऱ्या क्रियापदांना त्यांनी 'श्वाख' म्हणजे दुबळी म्हटलं आणि स्वर बदलणाऱ्यांना 'श्टार्क' म्हणजे सबळ. कारण असं की, सबळ क्रियापद स्वतःच्या हिमतीवर, आतल्या आत भूतकाळ घडवतं. दुबळ्याला बाहेरून आधार घ्यावा लागतो. व्याकरणाच्या परिभाषेत एवढी आपुलकी सहसा दिसत नाही. दोनशे वर्षं झाली तरी जर्मन शाळांमध्ये हेच शब्द चालतात. आणि एकदा कुणाला 'दुबळा' म्हटलं की त्याला सबळ करायला निघणारे लोकही कधी ना कधी भेटणारच.

आजच्या जर्मनमध्ये सबळ क्रियापदं दोनशेच्या आतच आहेत, पण रोजच्या वापरातली कितीतरी त्यांच्यातच सापडतात: येणे, जाणे, खाणे, पिणे, झोपणे, देणे, घेणे, वाचणे, लिहिणे. बाकी हजारो क्रियापदं दुबळी. नवीन येणारं प्रत्येक क्रियापद मुकाट्याने दुबळ्यांच्या रांगेत उभं राहतं. गूगलवर शोधणे यासाठी 'गूगेल्न' आलं, त्याचं 'गूगेल्टे', 'गेगूगेल्ट' झालं. भाषेचा ओघ सगळा त्या दिशेने आहे. जर्मन पोरं लहानपणी 'झांग'च्या ऐवजी 'झिंग्टे' म्हणतात, कारण सोपा नियम त्यांनी ओळखलेला असतो. आपल्याकडेही तीन वर्षांचं मूल 'मी केलं'च्या ऐवजी 'मी करलं' म्हणतं, ते याच न्यायाने.

नॉइच बरोबर याच्या उलट चालते. मुलं सबळाला दुबळं करतात, ही मंडळी दुबळ्याला सबळ करतात. पण मनाला येईल तो स्वर घालून ते साधत नाही. सबळ क्रियापदांची घराणी आहेत. व्याकरणकार ढोबळमानाने सात मोजतात, आणि प्रत्येक घराण्याची स्वरांची चाल ठरलेली आहे. एखादं दुबळं क्रियापद कुठल्या घराण्यातल्या क्रियापदाशी यमक जुळवतं ते आधी शोधायचं आणि मग त्या चालीवर त्याला चालवायचं.

'लाउफेन' म्हणजे धावणे. त्याचं 'लीफ', 'गेलाउफेन'. 'काउफेन' म्हणजे विकत घेणे, आणि ते बिचारं दुबळं: 'काउफ्टे', 'गेकाउफ्ट'. त्याला 'लाउफेन'च्या घरी दत्तक द्या, की झालं 'कीफ', 'गेकाउफेन'. 'गेबेन', म्हणजे देणे, याचं 'गाब', 'गेगेबेन' होतं. तर मग 'लेबेन', म्हणजे जगणे, याचं 'लाब', 'गेलेबेन' का नको? 'ब्लिंकेन', म्हणजे लुकलुकणे, 'ट्रिंकेन'च्या मागोमाग जाऊन 'ब्लांक', 'गेब्लुंकेन' होतं. त्यात आणखी मजा अशी की 'ब्लांक' हा जर्मनमध्ये आधीपासून असलेला शब्द आहे, चकचकीत या अर्थाचा.

सुरुवातीच्या 'टेलेफोनोरेन'चं रहस्यही हेच. 'फेरलीरेन' म्हणजे हरवणे. त्याचं 'फेरलोर', 'फेरलोरेन'. फ्रेंच-लॅटिनकडून आलेली 'ईरेन'ने संपणारी शेकडो क्रियापदं जर्मनमध्ये आहेत आणि ती एकजात दुबळी आहेत. त्यांचा आणि 'फेरलीरेन'चा संबंध नुसता ध्वनीचा, रक्ताचा काही नाही. पण कान नातं जोडून मोकळा होतो: टेलेफोनीरेन, टेलेफोनोर, टेलेफोनोरेन. 'ईरेन'वाल्या क्रियापदांना धातुसाधितात 'गे' लागत नाही, आणि 'फेरलीरेन'लाही 'फेर' या उपसर्गामुळे लागत नाही. त्यामुळे सांधा कुठे दिसतच नाही. इतकी सुबक चूक क्वचितच घडवता येते.

माझं सगळ्यात आवडतं रूप 'लीबेन'चं, म्हणजे प्रेम करणे याचं. ते यमक जुळवतं 'शीबेन'शी, म्हणजे ढकलणे याच्याशी, आणि त्याची चाल आहे 'शोब', 'गेशोबेन'. तेव्हा 'लोब', 'गेलोबेन'. आता जर्मनमध्ये 'लोब' म्हणजे स्तुती आणि 'गेलोबेन' म्हणजे शपथपूर्वक वचन देणे. 'मी तुझ्यावर प्रेम केलं' हे सांगायला गेलेला माणूस ऐकणाऱ्याच्या कानात स्तुती आणि शपथ दोन्ही सांडून येतो. कुणी ठरवून हे केलेलं नाही. नियम लावत गेलं आणि भाषेने ते आपणहून हातात ठेवलं.

भाषेने स्वतःही हेच केलं आहे

'हा सगळा रिकामपणाचा उद्योग' असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण जर्मनचा स्वतःचा इतिहास आहे. तो सांगतो की दुबळ्याला सबळ करण्याचा खेळ भाषेने कुठल्याही मंडळाच्या मदतीशिवाय अनेकदा खेळला आहे.

'श्रायबेन' म्हणजे लिहिणे. हा शब्द लॅटिनकडून उसना घेतलेला. परक्या घरातून आलेलं क्रियापद दुबळं राहायला हवं होतं. पण तो इतक्या जुन्या काळी आला की थेट सबळांत जाऊन बसला: 'श्रीब', 'गेश्रीबेन'. 'प्फायफेन', म्हणजे शीळ घालणे, हेही मुळात लॅटिन, आणि आज त्याचं होतं 'प्फिफ', 'गेप्फिफेन'. 'प्रायझेन', म्हणजे गुणगान करणे, जुन्या फ्रेंचकडून आलं, मध्ययुगात दुबळं होतं, आणि नंतर यमकाच्या ओढीने 'प्रीस', 'गेप्रीझेन' झालं. आज एखाद्याने 'रायझेन', म्हणजे प्रवास करणे, याचं 'रीस', 'गेरीझेन' केलं की लोक हसतात. 'प्रायझेन'ने हेच केलं तेव्हा ते शुद्ध ठरलं!

'फ्रागेन', म्हणजे विचारणे, याचीही अशीच कथा. ते दुबळंच होतं आणि आजही आहे. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चांगले चांगले लेखक 'फ्राग्टे'च्या जागी 'फ्रूग' लिहीत होते. पुढे ते रूप मागे पडलं. 'विंकेन', म्हणजे हात हलवून निरोप देणे, याचं धातुसाधित नियमाने 'गेविंक्ट'. तरी बोलता बोलता लोक 'ट्रिंकेन'च्या चालीवर 'गेवुंकेन' म्हणू लागले. अनेक वर्षं ती चूक गणली गेली. आज डूडेन या प्रमाण मानल्या जाणाऱ्या कोशात तिला जागा आहे.

उलट्या दिशेची वाटचाल अर्थातच जास्त मोठी आहे. 'बाकेन', म्हणजे भट्टीत भाजणे, याचं 'बूक' आता जुनाट वाटतं, लोक 'बाक्टे' म्हणतात. 'बेलेन', म्हणजे भुंकणे, मध्ययुगीन जर्मनमध्ये सबळ होतं, आज पुरतं दुबळं आहे. सबळ क्रियापदांचा हा कळप आपोआप वाढत नाही, आटत चालला आहे. म्हणून त्यांच्या बाजूने उभी राहणारी गंमत मला मनापासून आवडते. तिच्यात जुन्या भाषेबद्दल माया आहे.

आपल्या घरातली सबळ क्रियापदं

धातूच्या पोटातला स्वर बदलण्याच्या या प्रकाराला जर्मन व्याकरणात 'आबलाउट' म्हणतात. त्याची मुळं जर्मनपेक्षा फार मागे, इंडो-युरोपीय कुळाच्या आदिभाषेत आहेत. त्याच कुळात संस्कृत आहे आणि संस्कृतमार्गे मराठीही. संस्कृतमध्ये जे गुण आणि वृद्धी म्हणून शिकलो, इ चा ए, उ चा ओ, अ चा आ, ते याच जुन्या स्वरबदलाचं आपल्याकडचं रूप.

'बिंडेन', 'बांड', 'गेबुंडेन' हे बांधणे या अर्थाचं जर्मन क्रियापद घ्या. आपल्या 'बंध्' धातूचं ते सख्खं भावंड. त्याच्या धातुसाधितातला 'उन्' आणि आपल्या 'बद्ध'मधला पहिला अ, दोन्ही एकाच ठिकाणाहून आले आहेत. आदिभाषेत तिथे स्वराचं काम करणारा एक न् होता. जर्मनने त्याचा 'उन्' केला, संस्कृतने त्याचा अ केला. किंवा 'झिट्सेन', बसणे, आणि 'झेट्सेन', बसवणे, ही जोडी पाहा. संस्कृतमध्ये 'सद्' धातूचं 'सीदति' म्हणजे बसतो आणि 'सादयति' म्हणजे बसवतो. धातू तोच, युक्तीही तीच.

मराठीत ही युक्ती अजून जिवंत आहे. पडणे, पाडणे. मरणे, मारणे. तुटणे, तोडणे. फुटणे, फोडणे. सुटणे, सोडणे. फिटणे, फेडणे. कर्ज आपोआप फिटत नाही, फेडावं लागतं, आणि या दोन क्रियांमधला सगळा फरक एका मात्रेत आणि ट चा ड होण्यात मावतो. ग्रिम यांच्या भाषेत ही आपली सबळ क्रियापदं. पण 'दुसऱ्याकडून घडवणे' हा अर्थ आणायला मराठीत आज चलती आहे ती 'वणे' या शेपटाची: बसणे-बसवणे, उठणे-उठवणे, निजणे-निजवणे, हसणे-हसवणे. ही दुबळी.

आता त्यांना सबळ करून बघू. उ चा ओ होतो, तर 'उठणे'चं 'ओठणे': "आईने बाळाला ओठलं." इ चा ए, तर 'निजणे'चं 'नेजणे': "दूध पाजून नेजलं." अ चा आ, तर 'बसणे'चं 'बासणे' आणि 'हसणे'चं 'हासणे': "पाहुण्यांना ओटीवर बासलं, गोष्टी सांगून हासलं." वाक्य वेडगळ आहे, पण कळतं. शिवाय कुठेतरी असंही वाटतं की एखाद्या जुन्या पोथीत हे सापडायला हरकत नाही. 'टेलेफोनोरेन' ऐकून जर्मन माणसाला नेमकं हेच वाटतं. परकं काही ऐकल्याचं हे हसू नव्हे. आपल्याच भाषेत जे घडू शकलं असतं पण घडलं नाही, ते ऐकल्याचं हे हसू आहे.

मुलांच्या सांकेतिक भाषांपेक्षा हा खेळ वेगळा पडतो तो इथेच. आपल्याकडे 'च'ची भाषा आहे, 'मला'चं 'चलाम' करणारी. जर्मन मुलांची 'बे'ची भाषा प्रत्येक स्वरामागे ब लावून तोच स्वर पुन्हा म्हणते, 'डू'चं 'डूबू' होतं. या भाषा लपवण्यासाठी असतात. त्यांना व्याकरणाचं काही देणंघेणं नाही, अक्षरांची अदलाबदल आली की झालं.

बर्लिनमधला चित्रकार

नॉइच इंटरनेटच्या जमान्यातली. तिच्याही आधी, १९७२ साली, माटिआस कोएपेल या चित्रकाराने पश्चिम बर्लिनमध्ये 'श्टार्कडॉइच' नावाची भाषा काढली, म्हणजे 'तगडी जर्मन', आणि तिच्यात कविता लिहायला सुरुवात केली. कोएपेल यांचा जन्म १९३७चा, हॅम्बुर्गचा. अमूर्त चित्रकलेचा बोलबाला असताना माणसं आणि शहर जसं दिसतं तसं रंगवण्याचा आग्रह धरणाऱ्या चार बर्लिनकर चित्रकारांचा गट १९७३ मध्ये उभा राहिला. त्या चौघांतले ते एक.

श्टार्कडॉइचमध्येही दुबळी क्रियापदं सबळ होतात, पण तिचा खरा भर आवाजावर आणि लेखनावर आहे. व्यंजनं दुप्पट होतात, एकमेकांवर रचली जातात. स्वर रुंद आणि जाड होतात. भाषेच्या नावातल्या 'श्टार्क'मध्येच, शेवटी एका अक्षराने भागत असताना, जुन्या वळणाचं एक जादा अक्षर घुसवलेलं आहे. नुसतं पानाकडे पाहिलं तरी वाटतं की चिलखत घातलेले शब्द चालून येत आहेत.

हेही हवेतून आलेलं नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातली जर्मन हस्तलिखितं आणि छापील पानं अशाच जादा अक्षरांनी भरलेली असत. 'आणि' या अर्थाचा 'उंट' हा आज तीन अक्षरांत लिहिला जाणारा शब्द तेव्हा चार, पाच अक्षरांतही लिहिलेला सापडतो, मधला न दोनदा आणि शेवटी एखादा ट वर चढवून. आणि प्फ, त्स यांसारखी जी दणकट जोडाक्षरं जर्मनची ओळख झाली आहेत, तीसुद्धा एका जुन्या ध्वनिबदलातून आली. दक्षिणेकडच्या जर्मन बोलींमध्ये दीडेक हजार वर्षांपूर्वीपासून प, ट, क हे ध्वनी घासटले जाऊ लागले. इंग्रजीत जुने ध्वनी टिकले, म्हणून शेजारी ठेवून फरक ऐकता येतो: 'अॅपल'चं 'आप्फेल', 'टेन'चं 'त्सेन', 'वॉटर'चं 'वासर', 'मेक'चं 'माखेन'. हा बदल उत्तरेकडच्या बोलींपर्यंत पोचला नाही. बर्लिनच्या बोलीत 'मी' अजूनही 'इक' आणि 'काय' अजूनही 'वाट' आहे. प्रमाण भाषेत तेच 'इश' आणि 'वास'. म्हणजे जर्मन व्यंजनांचा हा राक्षसी अवतार ज्या शहरात जन्मला, तिथल्या गल्लीतली बोली त्या व्यंजनांना पुरती शरण गेलेलीच नव्हती.

माझ्या मते श्टार्कडॉइचच्या जन्माचा काळही महत्त्वाचा आहे. छाती फुगवून, गरजून बोलल्या गेलेल्या जर्मनने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काय काय करवून घेतलं हे त्या पिढीने लहानपणी ऐकलं होतं. त्या गर्जनेला इतकं फुगवायचं की ती फुटून तिचं हसू व्हावं, आणि ते करताना भाषेवर रागवायचं नाही, हे काम कवीपेक्षा चित्रकाराला सुचावं हेही मला योग्य वाटतं. अक्षरांचा आकार डोळ्याला कसा दिसतो हे चित्रकाराला जास्त कळतं.

नामांची गंमत क्रियापदांइतकी दांडगी नाही, पण एक नमुना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. क्रिस्टिआन मॉर्गेनस्टेर्न या कवीची (१८७१ ते १९१४) एक प्रसिद्ध कविता आहे. तिच्यात 'वेरवोल्फ', म्हणजे रात्री लांडगा होणारा माणूस, एका मेलेल्या गावमास्तरच्या थडग्यापाशी जातो आणि 'माझी विभक्ती चालवून दाखवा' म्हणतो. त्याच्या नावातला 'वेर' हा खरं तर माणूस या अर्थाचा जुना शब्द, आपल्या 'वीर'चा नातलग. पण आजच्या जर्मनमध्ये 'वेर' म्हणजे 'कोण'. मास्तर तोच अर्थ धरून विभक्ती चालवतात: वेरवोल्फ, वेसवोल्फ, वेमवोल्फ, वेनवोल्फ. कोण-लांडगा, कोणाचा-लांडगा, कोणाला-लांडगा, याच थाटात. लांडगा खूश होतो आणि अनेकवचनही मागतो. मास्तर म्हणतात, लांडगे खूप असतात, पण 'कोण'ला अनेकवचन नाही. बायकापोरं असलेल्या त्या लांडग्याच्या डोळ्यांत पाणी येतं. व्याकरणाच्या एका कोनाड्यातून करुण रस काढणारी दुसरी कविता मला माहीत नाही.

बाहेरच्यांची जर्मन

जर्मन न येणाऱ्यांनीही विनोदी जर्मन बनवली आहे. तिचा नियम एकच: दिसेल त्या इंग्रजी शब्दाला 'एन' लावा आणि दरडावून बोला. १९५०-६० च्या दशकांत इंग्रजी बोलणाऱ्या देशांच्या संगणक-खोल्यांमध्ये एक पाटी लागू लागली. 'आख्टुंग!' अशी सुरुवात करून ती खोट्या जर्मनमध्ये बजावायची की हे यंत्र 'गेरफिंगरपोकेन' आणि 'मिटनग्राबेन' यांसाठी नाही, म्हणजे बोटं खुपसू नका, हात घालू नका, निवांत उभे राहून 'ब्लिंकेनलाइट्स' बघा. 'आख्टुंग' म्हणजे सावधान, तेवढा सोडला तर यातला एकही शब्द धड जर्मन नाही. जर्मन माणसाला हा विनोद दुरूनच कळतो, कारण त्यात त्याच्या भाषेचे नियम नाहीत, परक्या कानाला ती कशी भासते तेवढंच आहे.

जर्मन संगणकवाल्यांनी याचा राग धरला नाही. १९८०च्या दशकात त्यांच्याकडच्या खोल्यांतही पाटी लागली, जर्मन वाक्यरचनेत कोंबलेल्या मोडक्या इंग्रजीत, आणि हिशेब मिटला. पुढे सप्टेंबर २००१ मध्ये, केऑस कॉम्प्युटर क्लब या संगणकप्रेमींच्या संस्थेला वीस वर्षं झाली तेव्हा, बर्लिनच्या आलेक्झांडरप्लाट्झ चौकातल्या 'हाउस डेस लेरर्स' या इमारतीचे वरचे आठ मजले एका भल्यामोठ्या पडद्यात बदलले गेले. दर मजल्यावर १८, अशा १४४ खिडक्या, प्रत्येकीमागे एक दिवा, आणि त्या उजळवून-विझवून साकारलेली चित्रं. या प्रकल्पाचं नाव ठेवलं 'ब्लिंकेनलाइट्स'. शुद्ध जर्मन शब्द 'ब्लिंकलिष्टर' हाताशी असताना जर्मन लोकांनी स्वतःच्या राजधानीच्या मध्यावर परक्यांनी केलेली आपली नक्कल झळकवली. एवढा मोकळेपणा दाखवणाऱ्या भाषेबद्दल मला आदर वाटतो.

एक प्रकार मात्र हसवण्यासाठी नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळात म्युनिकच्या आडाल्बेर्ट बाउमान या शिक्षकाने साऱ्या जगासाठी सोपी जर्मन रचली, १९१५ साली 'वेडे' या नावाने, आणि पुढच्याच वर्षी तिची सुधारित आवृत्तीही काढली. १९१६ मध्येच एमिल श्व्योरर यांनी वसाहतींतल्या लोकांसाठी 'कोलोनिआलडॉइच' नावाची काटछाट केलेली जर्मन मांडली. साम्राज्यातल्या मजुरांना हुकूम कळावेत एवढीच जर्मन द्यायची, हा त्यातला विचार आज वाचताना चीड आणतो. दोन्ही भाषा कुणीही बोललं नाही. खरीखुरी सोपी झालेली जर्मन जन्मली ती न्यू गिनीच्या जर्मन वसाहतीत, राबाउलजवळच्या व्हूनापोपे इथल्या मिशनच्या अनाथाश्रमात, मुलांच्या तोंडी. ती 'उन्झरडॉइच', म्हणजे 'आमची जर्मन'. ती विनोदी नाही आणि कुणी बसून रचलेलीही नाही. आज ती बोलणारे मोजके वृद्ध उरले आहेत, बहुतेक ऑस्ट्रेलियात.

जर्मन शिकणाऱ्यांसाठी

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि माक्स म्युलर भवनाच्या वर्गांत मराठी मुलं कित्येक पिढ्या जर्मन शिकत आली आहेत. आता नोकरीसाठी, नर्सिंगसाठी, उच्च शिक्षणासाठी तिकडे जायचं म्हणून आणखी किती तरी जण शिकत आहेत. त्या सगळ्यांच्या हाती पहिल्या वर्षातच सबळ क्रियापदांचा तक्ता पडतो आणि ते तो पाढ्यासारखा घोकतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की तक्ता घराण्यांप्रमाणे लावून घ्या आणि मग एकेका घराण्यात एक दुबळं क्रियापद दत्तक घाला. खोटं रूप बनवायला खरी चाल पक्की लागते, त्यामुळे खरी रूपं आपसूक बसतात. फक्त परीक्षेच्या पेपरात दत्तक मूल बाहेर काढू नका.

सुरुवातीला एक सोपं देतो. 'पार्केन', गाडी लावणे. 'फारेन'च्या घरी घातलं तर 'पुर्क', 'गेपार्केन'. त्याहून अवघड 'शेंकेन', भेट देणे. ते यमक जुळवतं 'डेंकेन'शी, म्हणजे विचार करणे याच्याशी, आणि ते अर्धं दुबळं, अर्धं स्वर बदलणारं असं मिश्र क्रियापद आहे: 'डाख्टे', 'गेडाख्ट'. मग 'शाख्टे', 'गेशाख्ट'. पण 'शाख्ट' म्हणजे खाणीतली खोल विहीर, तेव्हा वाढदिवसाला जपून वापरा. आणि 'टान्त्सेन', नाचणे? 'फारेन'कडे दिलं तर 'टुन्त्स', 'गेटान्त्सेन'. 'फांगेन', म्हणजे पकडणे, याचं 'फिंग', 'गेफांगेन' होतं. त्याच्याकडे दिलं तर 'टिन्त्स', 'गेटान्त्सेन'. दोन्ही घरं घ्यायला तयार आहेत. मी 'टिन्त्स'च्या बाजूने आहे, ते जास्त नाचरं वाटतं.